नवीन विमा एजंटांसाठी: कोल्हापुरात ओळखीवर पॉलिसी विकताना काय पाळायचं

परीक्षा पास झाली, कोड मिळाला, की डीओ (डेव्हलपमेंट ऑफिसर) साहेब नाहीतर ब्रँच मॅनेजर एक वही पुढे सरकवतात आणि शंभर नावं लिहायला लावतात. मामा, आत्या, तालमीतली पोरं, शिरोली एमआयडीसीत एका शिफ्टला असलेला जुना मित्र, कॉलनीतले काका. कोल्हापुरात विमा असाच, ओळखीवर विकला जातो आणि त्यात वाईट काही नाही. अडचण एवढीच की ओळखीचा माणूस वाचत नाही. ‘तू हाईस म्हटल्यावर काय वाचायचं त्यात?’ म्हणतो आणि पेन्सिलीने फुली मारलेल्या जागी सही करतो. कागदावर करार कंपनीशी होतो, त्याच्या मनात मात्र तो तुमच्याशी झालेला असतो. उद्या हॉस्पिटलच्या काउंटरवर कंपनी छापलेलं तेवढंच मानणार, चहा पिताना तुम्ही काय बोललात ते नाही. तुमचं बोलणं आणि छापलेला कागद एकच निघावेत, यासाठी पुढच्या पायऱ्या.

पायरी १: वहीतली नावं गाळा

प्रत्येक नावासमोर तीन गोष्टी लिहा. घरात कमावतं कोण, पैसा कोणत्या महिन्यात हातात येतो, आणि आधीचा विमा काय आहे.

पैशाचा महिना फार महत्त्वाचा. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे कारखान्याला ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव, मिळायला हवी. बिलं कशी तुकड्यातुकड्याने पडतात ते करवीर-शिरोळच्या शेतकऱ्याला सांगायला नको. अशा माणसाला तुम्ही टार्गेटसाठी जुलैत वार्षिक हप्त्याची पॉलिसी दिली, तर दरवर्षी हप्ता जुलैतच येणार. म्हणजे खत, शाळेची फी आणि पुराची धास्ती एकत्र असताना. वार्षिक हप्त्याला सवलतीचे दिवस ३०, मासिकला १५. त्यानंतर पॉलिसी बंद पडते. तुमचं पहिल्या वर्षाचं मोठं कमिशन तोवर जमा झालेलं असतं आणि तोटा त्याच्या पदरात पडतो. बंद पडलेल्या पॉलिसीला लोक ग्राहकाचा आळस म्हणतात. माझ्या मते निम्म्या वेळा ती एजंटाने चुकीच्या महिन्यात विकलेली असते. दूध संघाच्या दहा दिवसांच्या बिलावर घर चालत असेल तर हप्ता लहान आणि मासिक ठेवा.

आधीचं काय आहे हे विचारताना बँकेचं पासबुक बघायला मागा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये वर्षाला कापले जातायत का, ते त्यात दिसेल. पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास दोन लाख मिळतात, दुसऱ्यात अपघाती मृत्यू झाल्यास दोन लाख. कापले जात नसतील आणि वयात बसत असेल, तर आधी तेच सुरू करायला सांगा. तुम्हाला त्यात काही मिळणार नाही, पण ४५६ रुपयांत जे मिळतं ते लपवून वर आपली पॉलिसी विकणं योग्य नाही.

काही नावांवर सरळ काट मारा. पतसंस्थेतली ठेव आत्ताच मोकळी झालेले सत्तरीकडे झुकलेले काका त्यातले पहिले. ‘विमा म्हणू नका, एफडीच म्हणा, व्याज जास्त सांगा’ असा सल्ला तुम्हाला मिळेलच. काका दहा वर्षं हप्ता कुठून भरणार? या वयात विम्याची किंमत जास्त आणि त्यांच्यावर अवलंबून बहुधा कोणीच नाही. त्यांना हव्या आहेत ठेव आणि औषधापुरते हाताशी पैसे. विमा नको. आणि त्यांची ठेव मोकळी झाल्याचं तुम्हाला पतसंस्थेतल्या क्लार्ककडून कळलं असेल, तर प्रश्न त्या फोन नंबरापासूनच सुरू होतो. आरटीओ, प्रसूतिगृह, पतसंस्था इथून येणाऱ्या याद्या घेऊ नका.

पायरी २: ‘पहिल्या हप्त्यातलं किती सोडणार?’

हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येईल, आणि बहुतेक वेळा जवळच्या पावण्याकडूनच. विमा कायदा १९३८ चं कलम ४१ सांगतं की कमिशनमधला हिस्सा ग्राहकाला देता येत नाही आणि ग्राहकाने तो घ्यायचाही नाही. दंड दहा लाख रुपयांपर्यंत. बाजारात सर्रास देतात हे खरं आहे. मार्च एंडला तर बोलीच लागते.

कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब बघा. पहिल्या वर्षाचं कमिशन वाटून टाकलेल्या एजंटाला सातव्या वर्षी त्या घरी जायला पेट्रोलही परवडत नाही. मग पत्ता बदलणं, नॉमिनी बदलणं, हप्ता चुकल्याचं सांगणं हे कोणी करत नाही. शिवाय सूट मिळते भांडून मागणाऱ्याला. न मागणाऱ्या विधवा आत्याला त्याच पॉलिसीचे पूर्ण पैसे पडतात.

उत्तर लाजत देऊ नका. ‘मामा, ते कायद्यात बसत नाही, तुम्हालाही आणि मलाही. त्याऐवजी दरवर्षी हप्त्याच्या आधी मी घरी येईन, कागद बघेन.’ मामा रागावतील, दुसऱ्याकडून घेतील. घेऊ द्या. ‘तुला ह्यात काय सुटतं?’ असं कोणी विचारलं तर मात्र आढेवेढे न घेता आकडा सांगा. एजंटांच्या आचारसंहितेतच आहे की विचारल्यावर कमिशनचा दर सांगायचा. माझा अनुभव असा की आकडा सांगितल्यावर माणूस बिचकत नाही, उलट पुढचे प्रश्न मोकळेपणाने विचारतो.

पायरी ३: आकडे त्याच्यासमोर, त्याच्या पेनाने

‘दहा लाख भरा, वीस लाख घ्या, पैसे डबल’ हे वाक्य खोटं नसतं, म्हणूनच त्याने जास्त फसगत होते. वर्षाला ५०,००० प्रमाणे २० वर्षं भरले आणि विसाव्या वर्षाअखेर २० लाख मिळाले, तर परतावा पडतो वर्षाला सुमारे सव्वासहा टक्के. १८ लाख मिळाले तर सव्वापाचच्या आसपास. हे ऐकून कोणी म्हणेल, चालेल, मला सक्तीची बचत हवी आहे आणि सोबत विमा. तो त्याचा निर्णय. पण टक्के ऐकल्यावर घेतलेला हवा.

बेनिफिट इलस्ट्रेशन नावाचा कागद प्रत्येक बचतीच्या आणि युलिप (विम्यासोबत बाजारात गुंतवणूक) पॉलिसीसोबत असतो. खात्रीचा नसलेला लाभ त्यात ४ आणि ८ टक्के अशा दोन गृहीतकांवर दाखवलेला असतो. विक्रेत्याचं बोट कायम ८ टक्क्यांच्या रकान्यावर असतं. तुम्ही ४ टक्क्यांच्या रकान्याला पेनाने गोल करा आणि विचारा, ‘एवढेच मिळाले तरी चालेल का?’ खात्रीची रक्कम कुठली आणि बोनसवर अवलंबून कुठली, हे ग्राहकालाच त्याच्या अक्षरात बाजूला लिहू द्या. त्या कागदावर तुम्हा दोघांची सही लागते. त्याची एक प्रत तुमच्या फायलीत राहू द्या.

जुने छापील तक्ते वापरू नका. वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही, तरी १८ टक्के धरलेले कागद अजून फिरतात. ‘टॅक्स वाचतो’ म्हणण्याआधी समोरचा जुन्या करपद्धतीत आहे की नव्या, ते विचारा. नव्या पद्धतीत विम्याच्या हप्त्याची ती वजावट मिळत नाही, त्यामुळे मार्चमधलं निम्मं भाषण तिथेच संपतं.

आरोग्य विम्यात सगळ्यात जास्त भांडणं रूमभाड्यावरून होतात. पाच लाखांच्या पॉलिसीत रूमभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० असेल आणि पेशंट ८,००० च्या खोलीत राहिला, तर फक्त वरचे ३,००० कापतात असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलणारे खर्चही त्याच प्रमाणात कमी होतात. हे खर्च दोन लाख असतील तर मिळतात १,२५,०००. राजारामपुरीतल्या हॉस्पिटलात खोलीचं भाडं आज किती आहे ते फोन करून विचारा आणि तो आकडा ग्राहकासमोर ठेवा. ब्रोशरपेक्षा त्याने जास्त उजेड पडतो.

पायरी ४: फॉर्म

या पायरीला इतर सगळ्या पायऱ्यांपेक्षा जास्त वेळ द्या. विक्रीतली बहुतेक अनीती प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे पॉलिसीच्या अर्जावर घडते आणि ती कोणाला अनीती वाटतही नाही. ‘बीपी लिहू नका, उगाच मेडिकल लागेल’ हे वाक्य मदत म्हणून बोललं जातं.

आरोग्य विम्यात गणित अगदी साधं आहे. आजार सांगितला, तर आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं, हप्ता कदाचित वाढतो. लपवला, तर ६० महिन्यांपर्यंत कंपनी कधीही बोट ठेवू शकते, आणि फसवणूक सिद्ध झाली तर त्यानंतरही. लपवण्यात ग्राहकाचं नुकसानच आहे. जीवन विम्यात विमा कायद्याच्या कलम ४५ मुळे तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीवर कोणत्याही कारणाने शंका घेता येत नाही. हे कलम ग्राहकाच्या संरक्षणासाठी आहे, पण काही एजंट ते ‘तीन वर्षं काढा, मग झालं’ असं विकतात. दुसऱ्या वर्षी तो माणूस गेला तर त्याच्या बायकोला कंपनीचं नकाराचं पत्र येतं, आणि फॉर्म कोणी भरला होता ते तिला पक्कं माहीत असतं.

प्रश्न छापील भाषेत विचारू नका. ‘तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन?’ म्हटलं की ‘नाही’ असं उत्तर येतं, आणि बोलणाऱ्याच्या गालात मावा असतो. मावा, गुटखा, पानातली तंबाखू अशी नावं घेऊन विचारा. बायकांना मिश्रीबद्दल वेगळं विचारा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण ती दात घासायची वस्तू म्हणून कोणाच्या मोजणीत येत नाही. शुगरचं विचारताना ‘गोळी चालू आहे का, कुठल्या मेडिकलमधून आणता?’ असं विचारा. ‘डायबेटिस नाही, नुसती शुगर वाढते’ असं सांगणारे खूप भेटतील. फाउंड्रीत काम असेल तर नुसतं ‘नोकरी’ लिहू नका. भट्टीवर आहे, मोल्डिंगला आहे की ऑफिसात, ते लिहा. सासूसमोर सुनेला गर्भपात किंवा ऑपरेशनबद्दल विचारायचं नसतं. वेगळी वेळ घ्या, शक्यतो बाई एजंटाला सोबत न्या.

उत्पन्न फुगवू नका. मोठं विमा कवच मंजूर व्हावं म्हणून शेतकऱ्याचं उत्पन्न दुप्पट लिहिलं जातं. सातबारा, कारखान्याची ऊसबिलं, दुधाची बिलं यांतून जेवढं निघतं तेवढंच लिहा.

फॉर्मच्या शेवटी एक जाहीरनामा असतो. ग्राहकाने मराठीत सही केली किंवा अंगठा उठवला, तर ‘मी यांना सगळे प्रश्न त्यांच्या भाषेत समजावून सांगितले’ असं दुसऱ्या कोणीतरी सहीनिशी लिहून द्यायचं असतं. प्रत्यक्षात ही सही ऑफिसात, ग्राहकाला कधी न पाहिलेला माणूस करतो. शिक्षक, ग्रामसेवक, शिकलेली मुलगी, कोणीही चालेल, पण समोर बसून ऐकलेला माणूस हवा. हल्ली फॉर्म टॅबवर भरतात आणि ओटीपी मागून घेतात. ओटीपी म्हणजे सहीच. त्याआधी पडदा ग्राहकाकडे फिरवा आणि उत्तरं मोठ्याने वाचून दाखवा.

यानंतर कंपनीचा पडताळणीचा फोन किंवा व्हिडिओ येतो. ‘काय पण विचारलं तरी हो म्हणा’ हे पढवणं जवळजवळ रिवाज झालंय. तुम्ही उलटं सांगा. ‘ते जे विचारतील त्यात मी न सांगितलेलं काही आलं, तर तिथेच थांबा आणि नाही म्हणा.’ एखादी केस अशी गेली तर जाऊ द्या.

पायरी ५: पैसे

हप्ता शक्यतो ग्राहकाच्या खात्यातून थेट कंपनीकडे जाऊ द्या. तुमच्या फोनच्या यूपीआयवर कधीच नको. हप्ता हातात घेतलाच, तर सुट्ट्या सोडून २४ तासांत पूर्ण भरायचा. ‘माझं कमिशन वजा करून’ भरता येत नाही. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे पैसे कंपनीकडे पोचेपर्यंत जोखीम सुरू होत नाही. शुक्रवारी घेतलेली रोकड सोमवारपर्यंत तुमच्या खिशात राहिली आणि शनिवारी हायवेवर काही झालं, तर काय होईल याचा विचार करा.

कर्जाच्या केसमध्ये ‘पॉलिसी घेतली नाही तर लोन होणार नाही’ असं काउंटरवरून म्हटलं जातं. तारणाचा विमा मागणं वेगळं आणि अमुकच कंपनीची बचत पॉलिसी माथी मारणं वेगळं. त्यात भागीदार होऊ नका.

पायरी ६: दुकान आणि पूर

२०१९ आणि २०२१ नंतर पंचगंगेकाठच्या पट्ट्यात पुराचा विमा भीतीवर विकला गेला, आणि ‘सगळं कव्हर आहे’ हे त्यातलं आवडतं वाक्य. दोन गोष्टी तपासा. एक, मालाचा आकडा हंगामातला आहे का. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत जुलै-ऑगस्टला गणेशमूर्तींचा साठा असतो तेवढा जानेवारीत नसतो. दहा लाखांचा माल असताना पाच लाखांचा विमा घेतला आणि चार लाखांचं नुकसान झालं, तर विमा निम्म्याच मालाचा म्हणून भरपाईही निम्मी, साधारण दोन लाखांवर येते. हप्ता स्वस्त दिसावा म्हणून आकडा कमी लिहून घेणं ही त्या दुकानदाराची फसवणूकच आहे. दोन, गाडीच्या साध्या सर्वंकष पॉलिसीत पाण्यात बंद पडलेलं इंजिन पुन्हा सुरू करताना झालेलं नुकसान सहसा मिळत नाही, त्याला इंजिनचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. हे पावसाळ्याआधी सांगा.

पायरी ७: पॉलिसी हातात देताना

कुरिअरवर सोडू नका, स्वतः जा. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते हे पहिल्या पाच मिनिटांत सांगा. मुद्रांक, मेडिकल आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचे पैसे कापून बाकीचे परत मिळतात. आपण होऊन हे सांगणारा एजंट क्वचितच भेटेल. ग्राहक माहितीपत्रक मराठीत मागता येतं, तेही मागून द्या. नॉमिनीच्या नावाचं स्पेलिंग आधारशी जुळवा. लग्नानंतर बदललेल्या नावांनी क्लेम किती अडतात ते कळेलच.

जुनी पॉलिसी मोडून नवी घ्यायला लावणं आचारसंहितेत मनाई आहे, आणि ते करणारे स्वतःला ‘पोर्टफोलिओ रिव्ह्यू’ करणारे म्हणवतात. चालू पॉलिसी वाईट असेल तर सरेंडर (मोडून पैसे घेणं), पेड-अप (पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर पॉलिसी राहू देणं) आणि चालू ठेवणं हे तिन्ही आकडे कंपनीकडून लेखी आणा. निर्णय त्या घराला घेऊ द्या, आणि त्या निर्णयातून तुमची नवी विक्री निघणार नसेल तरी आणा.

पायरी ८: क्लेम आणि फ्लेक्स

मृत्यूचा दावा मंजूर झाला की विधवा बाईच्या हातात मोठ्या आकाराचा चेक देऊन फोटो काढायचा, तो स्टेटसला टाकायचा, जमल्यास चौकात फ्लेक्स लावायचा, ही आपल्याकडची ठरलेली पद्धत. जाहिरात म्हणून याच्याइतकं प्रभावी काही नाही, हे मान्य. पण त्या संध्याकाळपासून गल्लीला कळतं की या घरात वीस लाख आलेत. दीर उसने मागायला येतो, ठेवीचं कमिशन मिळवणारे येतात, दुसरा विमा एजंट येतो. ती बाई अजून बाराव्या-तेराव्याच्या हिशेबात असते. ‘चालेल का फोटो?’ असं तुम्ही विचारलं तरी, ज्याने क्लेमसाठी धावपळ केली त्याला ती नाही म्हणू शकत नाही. म्हणून विचारूच नका. स्वतःची जाहिरात करायचीच तर कंपनीने मंजूर केलेला मजकूर वापरा. ‘शंभर टक्के गॅरंटी’ लिहिलेली घरगुती पोस्टर्स नकोत.

क्लेमच्या पैशातून एजंटाने काही मागायचं नाही, दिलं तरी घ्यायचं नाही. आचारसंहितेत ही मनाई स्पष्ट आहे. ‘सायबांना चहापाण्याला’ हेही त्यातच आलं. मृत्यूचा दाखला, हॉस्पिटलचे कागद, पासबुक, आधार गोळा करायला मदत करा. एफआयआर आणि पंचनामा अपघाती किंवा अनैसर्गिक मृत्यूतच लागतो. मूळ पॉलिसी सावकाराकडे किंवा पतसंस्थेत ठेवलेली नाही ना, ते आधी बघा.

पायरी ९: तुमच्याविरुद्ध तक्रार कुठे करायची, ते तुम्हीच द्या

पॉलिसीच्या पाकिटात एक कागद घाला. त्यावर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल, आयआरडीएआय या विमा नियामकाचं विमा भरोसा हे तक्रारीचं पोर्टल आणि १५५२५५ हा टोल फ्री क्रमांक लिहा. आयआरडीएआय कधीही फोन करून पॉलिसी विकत नाही की बोनस वाटत नाही, हेही त्यावर लिहा. तसे फोन ज्येष्ठांना सारखे येतात. कंपनीने लेखी तक्रारीला महिनाभर उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर पुढची जागा म्हणजे विमा लोकपाल. कोल्हापूर जिल्हा पुण्याच्या कार्यालयाकडे येतो. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जावं लागतं. ५० लाखांपर्यंतची भरपाई तिथे मागता येते. फी नाही, वकील लागत नाही, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

ब्रँचमध्ये हा कागद बघून कोणीतरी हसेल. साहेब म्हणतील, गिऱ्हाईकाला रस्ता कशाला दाखवता. त्यांना सांगा की फॉर्म, इलस्ट्रेशन आणि पावती या तिन्हींच्या सही केलेल्या प्रती तुमच्या फायलीत आहेत.